चिकट सापळ्यावर राहिलेला पंख

माझ्या टेबलावर येणारा पतंग बहुधा तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि तो घेऊन येणारा माणूस बहुधा घाईत असतो. पहिल्याला वेळ द्यावा लागतो; दुसऱ्याकडे तो नसतो. गेली सहा वर्षे नागपुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी या दोघांच्या मध्ये बसते आहे.

माझे काम एका वाक्यात सांगता येते. धान्यात, कपड्यात, पिकात सापडलेल्या बारीक पतंगाचे नाव सांगणे. ते नाव ठरवण्याचा पहिला आधार म्हणजे पंखांवरची नक्षी. पतंगाच्या पंखावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले सूक्ष्म खवले असतात. रंग, ठिपके, पट्टे जे काही दिसते ते त्या खवल्यांचे असते. खवल्यांखालचा पंख निव्वळ पारदर्शक पापुद्रा. म्हणजे ही नक्षी भिंतीवरच्या रंगासारखी पक्की नसते, रांगोळीसारखी असते. बोट लागले की फिसकटते. आमच्याकडे येणारे निम्मे नमुने कोणीतरी चिमटीत धरून आणलेले असतात. त्यांची रांगोळी आणणाऱ्याच्या अंगठ्याला लागलेली असते, आणि तो मला विचारतो, "मॅडम, कोणता आहे?"

बाहेरच्या माणसाला वाटते की आम्हाला नाव हवे असते म्हणून आम्ही नाव शोधतो. खरे तर नावामागे नेहमी कोणाचा तरी निर्णय अडलेला असतो. सीताबर्डीतले एक शालींचे दुकानदार एकदा पाकिटात मेलेला पतंग घेऊन आले. पंख फिकट सोनेरी, एकही ठिपका नाही. लोकर खाणाऱ्या अळीचा हा पतंग ओळखायला सर्वांत सोपा, कारण त्याची खूणच ही की त्याला खूण नाही. मी पाच मिनिटांत सांगितले. ते हलेनात.

"ते झालं. पण शेजारच्या दुकानातून आला, एवढं लिहून द्या ना."

"पंखावर पत्ता नसतो, काका."

"मग तुमच्या मशीनचा उपयोग काय?" असे म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे अशा नजरेने पाहिले की त्या यंत्राचीच मला दया आली.

तो किस्सा मी बरीच वर्षे हसत सांगत होते. नंतर लक्षात आले की मीही पंखाकडून, तो जे देऊ शकत नाही, ते मागू लागले होते. कसे, तेच इथे लिहायचे आहे.

आमच्या विभागाचे प्रमुख वासनिक सर. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरले होते आणि त्यांची खुर्ची मला हवी होती. यात मी काही लपवत नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण होत आला होता, आणि विभागाला गती द्यायची म्हणून मी एक सेवा सुरू केली होती: पतंगाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, नमुना नंतर पोहोचवा, प्राथमिक उत्तर त्याच दिवशी मिळेल. शेतकरी गटांना ती आवडली. वासनिक सरांना नाही. ते मला उपरोधाने 'होऊ घातलेल्या डॉक्टर' म्हणत.

"होऊ घातलेल्या डॉक्टर, पतंग कुठं पळून चालला आहे का? मेलेला आहे तो."

"सर, लोक थांबत नाहीत."

"लोकांना थांबवणं हाही आपल्या कामाचा भाग आहे," ते म्हणत आणि चहाचा कप घेऊन खिडकीकडे जात.

गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी वनिताबाई भोयर आल्या. रामटेकहून पारशिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची भाजीपाला रोपवाटिका आहे. दोन शेडनेट, दोन्हींत टोमॅटोची पंचवीस दिवसांची रोपे. पुढच्या गावच्या शेतकरी गटाने ती सगळी आधीच सांगून ठेवली होती आणि गटाचे सचिव राऊत शुक्रवारी गाडी घेऊन येणार होते. तेवढ्यात शेडनेटमध्ये टांगलेल्या पिवळ्या चिकट सापळ्यावर चार अनोळखी पतंग सापडले. राऊतांनी अट घातली: प्रयोगशाळेचे उत्तर आल्याशिवाय एक ट्रे उचलणार नाही.

त्यांची अट रास्त होती. टुटा नावाची एक नागअळी आहे. तिचा करडा पतंग जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा असतो. अळी टोमॅटोचे पान आतून पोखरते, मग फळात शिरते. रोपांबरोबर ती एका गावातून दुसऱ्या गावात जाते. रोपवाटिकेत टुटा निघाली, तर रोपे नष्ट करणे हाच शहाणपणा.

वनिताबाईंनी सापळ्याचा पुठ्ठा दुमडून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला होता. उघडला तेव्हा चारांपैकी तीन पतंग चुरगळून गेले होते. एकच शाबूत होता, पाठीवर पडून गोंदात रुतलेला, पोट वर.

"पानांवर थोड्याशा पांढऱ्या रेघा बी हायेत जी," त्या म्हणाल्या. "मले तर झोप नाही. तुमी एकदा सांगून टाका."

मी पतंग द्रावकात भिजवून गोंदातून सोडवला. सोडवताना पोट तुटले. मला पंख हवे होते. ते दोन्ही नीट निघाले. पोट बशीतल्या द्रावकाबरोबर सिंकमध्ये गेले.

सूक्ष्मदर्शकाखाली पंख करडा, त्यावर विखुरलेले बारीक काळे कण. आमच्याकडे ओळखीची एक प्रश्नावली असते. प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणत पुढे जायचे. टुटाच्या जवळचा एक भाऊबंद आहे, बटाट्यावरची पाकोळी. तिची ओढ बटाट्याकडे; ती निघाली तर टोमॅटोची रोपे नष्ट करावी लागत नाहीत. तिच्या मादीच्या दोन्ही पंखांवर मागच्या काठाला गडद डाग असतो आणि पंख पाठीवर मिटले की दोन डाग मिळून फुलीसारखी खूण दिसते. प्रश्न होता: मागच्या काठाला गडद डाग आहे का? मी पाहिले. नव्हता. पुढच्या प्रश्नांची उत्तरेही मला हवी तशी मिळत गेली. अर्ध्या तासात मी नावापर्यंत पोहोचले.

वनिताबाईंनी स्वतःच सांगितले होते की उत्तर राऊतांनाही पाठवा, म्हणजे मध्ये कोणी बोलणार नाही. मी दोघांना पाठवले: 'प्राथमिक अंदाज : टुटा. रोपे हलवू नयेत. सविस्तर अहवाल उद्या.' वनिताबाई समोरच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मेसेज वाचला, पदराच्या टोकाने मोबाइलची काच पुसली, पुन्हा वाचला आणि उठून बसस्टॉपकडे गेल्या.

दुपारी दीडला त्यांचा फोन आला.

"मॅडम, लोकं येऊन राहिले. म्हणतात जाळून टाक. जाळू का जी?"

"कोण लोक?"

"आजूबाजूचे टोमॅटोवाले. सगळ्याइच्या मोबाइलात तुमचा मेसेज हाये."

माझा मेसेज राऊतांच्या गटात गेला होता, तिथून आणखी कुठे कुठे. वाटेत 'प्राथमिक अंदाज' आणि 'सविस्तर अहवाल' हे दोन्ही गळून पडले होते. उरले होते : 'टुटा. रोपे हलवू नयेत.' त्याखाली आमच्या प्रयोगशाळेचे नाव.

"थांबा," मी म्हटले. "अहवाल उद्या आहे. तोवर काही करू नका."

मग मी सरांकडे गेले. वाटले होते, ते सही करतील आणि चिंता संपेल. त्यांनी माझी नोंद वाचली.

"पंखावरून?"

"हो सर."

"पोट कुठाय?"

इथे खुलासा करायला हवा. या दोन पतंगांचे पंख इतके सारखे असतात की पंख म्हणजे केवळ संशय. खात्री पोटात असते. पोटाचे टोक अल्कलीत तापवून मऊ केले की आतली जननेंद्रिये वेगळी करून पाहता येतात आणि त्यांची रचना प्रत्येक जातीत निराळी असते. तिथे अंदाजाला जागा नाही. हे मला ठाऊक होते. माझ्या प्रबंधातले एक अख्खे प्रकरण त्यावर आहे.

"टाकलं," मी म्हटले.

सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "पतंग गोंदात कसा होता? पाठीवर की पोटावर?"

"पाठीवर."

"मग पंखांची वरची बाजू कुठं चिकटली होती?"

मला तेव्हा समजले. मी पाहिलेला पंख धुतलेला होता. त्यावरची रांगोळी गोंदाने ओढून घेतली होती. डाग 'नव्हता' असे मी लिहिले होते. डाग 'उरला नव्हता' हीही शक्यता होती आणि ती मी तपासलीच नव्हती. पुठ्ठा मी निरुपयोगी समजून कचऱ्यात टाकला होता.

इंदूताई आमच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षे नमुने मांडतात. कचऱ्याचा डबा त्यांच्याशिवाय कोणी रिकामा करत नाही. मी धावत गेले तर डबा रिकामा होता.

"काय शोधून राहिल्या?" त्यांनी विचारले.

"सकाळचा पिवळा पुठ्ठा."

"त्यावर नंबर होता नमुन्याचा. नंबर असलेली वस्तू अहवालाच्या आधी टाकतात का वं?" त्यांनी कपाट उघडले. पुठ्ठा काचेच्या पेटीत सपाट ठेवलेला होता. त्यांच्या त्या 'वं'मध्ये माझ्या सगळ्या पदव्या मावल्या.

पुठ्ठ्यावर तिरपा प्रकाश टाकून पाहिले. साध्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. भिंगाखाली गोंदात दोन पंख होते. पंख नव्हे, पंखांचे ठसे. खवला न् खवला जागेवर. ठसा आरशातल्यासारखा उलटा उमटतो हे ध्यानात घेऊन मी दोन्हींचे फोटो उलटवले, छापले, कात्रीने कापले आणि पतंग पंख मिटतो तसे काठाला काठ लावून ठेवले. मागच्या काठांवर गडद डाग होते. ते जुळले. फुली झाली.

मी मोबाइल उचलला. सरांनी माझ्याकडे पाहिले.

"काय लिहिणार?"

"टुटा नाही म्हणून."

"सकाळी पंखावरून बोललात. आता दुपारीही पंखावरूनच बोलणार? आणि हे खोटं निघालं तर त्या शेतकरी गटातल्या चाळीस घरांच्या टोमॅटोचं काय?"

मी मोबाइल खाली ठेवला. त्या दिवशीची सर्वांत अवघड गोष्ट तीच होती. वनिताबाईंना दिलासा मिळेल असे उत्तर माझ्या टेबलावर पडलेले होते आणि ते द्यायचा अधिकार मी सकाळीच वापरून टाकला होता.

ताजे पतंग हवे होते, पोटासकट. चारच्या सुमारास मी रोपवाटिकेवर पोहोचले. बाहेर दहा-बारा माणसे, सात-आठ मोटारसायकली. राऊत पुढे आले. शांत, चष्मा लावणारा माणूस. मला वाटले होते तसा आडमुठा नव्हता.

"मॅडम, हो की नाही, एवढंच सांगा. आमचं पूर्ण गाव टोमॅटो लावून राहिलं यंदा."

"उद्या सकाळी दहापर्यंत सांगते."

"सकाळी तर अर्ध्या तासात सांगतलं तुमी."

मागून कोणीतरी म्हणाले, "मॅडमचं नेटवर्क गेलं वाट्टे." दोघे-तिघे हसले. राऊत हसले नाहीत.

मी आत जाऊन पाने पाहिली. रेघा होत्या, पण नागमोडी, पांढऱ्या, बारीक. तशा रेघा एका साध्या माशीची अळीही काढते. टुटाचे रुंद, पारदर्शक चट्टे मला एकाही ट्रेमध्ये दिसले नाहीत. अंदाज बळावत होता, आणि बळावलेला अंदाजही अंदाजच असतो, हे स्वतःला बजावत मी फिरत होते.

"शेजारच्या खोलीत काय आहे?" मी वनिताबाईंना विचारले.

"आमच्या भाऊजीचे आलू. रामटेकले आलूबोंड्याची गाडी हाये न त्यायची. कट्टे इथंच ठेवतात."

खोलीला लागून शेडनेट होते आणि मधल्या जाळीला हात जाईल एवढे भोक. दिवेलागण होईपर्यंत मी थांबले; त्या वेळेला हे पतंग हालचाल करू लागतात. बटाट्याची पोती हलवली तशी करड्या रंगाची चिमूटभर धूळ उडावी तसे सात-आठ उडाले. मी एकेक काचेच्या नळीत पकडला, बोट न लावता. दोन पतंग शेडनेटच्या जाळीवरूनही पकडले आणि ते वेगळ्या नळ्यांत ठेवले. कारण बटाट्यात काय आहे हा प्रश्न नव्हता. टोमॅटोत काय उडते आहे, हा होता.

निघताना वनिताबाई गाडीपर्यंत आल्या. "मॅडम, तुमच्या मनात काय हाये ते तरी सांगा."

"मनातलं सांगितलं म्हणूनच हे झालं," मी म्हटले. "उद्या सकाळी. तोवर हात लावू देऊ नका कोणाला."

"मी एकटी बाई, किती अडवू?" त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नव्हे. खरोखरच हिशेब करत असल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी प्रयोगशाळेत होते. आधी जाळीवरचे दोन पतंग घेतले. सुईच्या टोकावरचे हे काम श्वास रोखून करायचे असते; पोटाचे टोक मोहरीपेक्षा लहान. एक चुकले असते, तर एकच उरले असते. लक्ष विचलित होऊ नये म्हणून मी मोबाइल बंद करून खणात ठेवला. पहिले विच्छेदन झाले. आकृतीशी ताडून पाहिले. दुसरे झाले. मग पोत्यांवरचे तीन. सगळ्यांचे उत्तर एक. सर बाजूला उभे होते. त्यांनी स्वतः पाचही पाहिले आणि खिशातून पेन काढले. पावणेनऊ वाजले होते. बटाट्यावरची पाकोळी. टुटा नाही.

खण उघडून मोबाइल सुरू केला. सात पन्नासला आणि सात बावन्नला वनिताबाईंनी फोन केल्याचे त्यावर दिसत होते.

मी लावला. बराच वेळ वाजला.

"एक जाळलं जी," त्या म्हणाल्या.

"एक म्हणजे?"

"एक शेडनेट. वावराच्या बाजूचं. लोकं सातलेच आले. दोन्ही जाळा म्हणत होते. मी म्हटलं एक घ्या, दुसऱ्याले दहा वाजेपर्यंत हात लावू नका. तुमाले विचाराले फोन केला होता." मग त्यांनी विचारले, "नाही ना ते?"

"नाही. आलूवरची आहे. पोत्यांतून आलेली."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्याच घरची."

मी अहवाल घेऊन स्वतः गेले. राऊतांसमोर वाचून दाखवला आणि आदल्या सकाळच्या मेसेजची चूक माझी होती, वनिताबाईंच्या रोपांची नव्हती, हेही सांगितले. राऊतांनी कागद दोनदा वाचला. पोती त्याच दिवशी हलवायची, जाळीचे भोक शिवायचे आणि दोन दिवस सापळा पाहायचा या अटीवर त्यांनी उरलेल्या शेडनेटची रोपे शुक्रवारी उचलली. "आता किती उरलं ते आमाले बी दिसते, मॅडम," ते जळालेल्या बाजूकडे न पाहता म्हणाले. गटातल्या काहींनी तोवर दुसरीकडे रोपे सांगून टाकली होती. माझा दुरुस्तीचा मेसेजही राऊतांनी पुढे पाठवला. तो पहिल्याइतका लांब गेला नाही. तसा तो कधीच जात नाही.

वनिताबाईंनी मला एकच गोष्ट विचारली. "सकाळी फोन काहून नाही उचलला?"

मी खरे सांगितले. काम नीट व्हावे म्हणून बंद ठेवला होता. त्यांनी मान हलवली. त्यात क्षमा होती की नव्हती, हे ओळखायला माझ्याकडे प्रश्नावली नाही.

सर निवृत्त झाले. त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या पदाच्या अर्जात मी माझ्या कामाच्या तपशिलांची तीन पाने जोडली होती. हे प्रकरण त्यात नव्हते. ते असायला हवे होते, म्हणून इथे लिहिले. फोटोवरून नाव सांगण्याची सेवा मी प्रमुख म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद केली. फोटो अजूनही येतात. उत्तर एकच जाते : नमुना आणा, दुमडू नका, चिमटीत धरू नका.

यंदा दसऱ्यानंतर वनिताबाई पुन्हा आल्या. हातात पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा. झाकण काढले तर तळाला पिवळा पुठ्ठा सपाट ठेवलेला, न दुमडलेला. त्यावर तीन पतंग, प्रत्येकाभोवती बॉलपेनने गोल.

"टोमॅटोचाच हाये," त्या म्हणाल्या. "गाडी शुक्रवारी येते."

"आज सांगता येणार नाही," मी म्हटले. "उद्या दुपारपर्यंत लागेल."

"मालूम हाये. पोरीकडं मुक्काम करते आज." त्यांनी मोबाइल काढला, माझ्यासमोर तो बंद केला आणि पिशवीत टाकला. "उद्या मीच येते. तुमी पाहा."

डबा त्यांनी नेला नाही. मी पुठ्ठा उचलण्याआधी डबाच तसा भिंगाखाली सरकवला आणि पतंग गोंदात कोणत्या बाजूवर पडले आहेत, ते आधी लिहून घेतले.